दादासाहेबांचा नियम

आमच्या बाइक क्लबचे अध्यक्ष दादासाहेब थोरबोले. गाडी पाचशे सीसीची, तोंड हजार सीसीचं. क्लबातल्या प्रांजलला वर्षभर शंभर सीसी चालवून आता मोठी गाडी हवी होती, पण तिचे वडील अडून बसले, "दादासाहेब हो म्हणाले तरच."

दादासाहेब म्हणाले, "पडलेली गाडी ज्याला एकट्यानं उचलता येते, त्यानंच मोठी चालवावी. नियम आहे माझा."

"मग तुमचीच आडवी करू, काका. आधी तुम्ही उचला," प्रांजल म्हणाली.

चारचौघांत नाही कसं म्हणणार? गाडी गवतावर निजवली. दादासाहेबांनी तीनदा जोर लावला. पोट तेवढं हललं. प्रांजलनं सीटला पाठ लावली, पायांनी रेटा दिला आणि गाडी उभी केली.

मग तिनं आपली किल्ली पुढे धरली. "घ्या काका. नियमानं आता तुम्ही शंभरची चालवायची."

सगळ्यांत आधी तिचे वडीलच हसले. तेव्हाच मी ओळखलं, पोरीचं काम झालं.