राईतला उजेड

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. उत्तरेकडचा थंड मुलूख, हिरवे उतार, उतारांवर मेंढ्या, आणि दोन टेकड्यांच्या बेचक्यात एक लहानशी राई. घटकाभरात फेरी मारून व्हावी एवढीच. तिच्यात उंच ओक होते आणि ओकांच्या खाली हेझेलची झाडं. हेझेल म्हणजे एकाच बुडख्यातून दहा-वीस सरळ फोक वर काढणारं, माणसाच्या दुप्पट उंचीचं झाड.

या राईची एक रीत होती. तिचे सात हिस्से पाडलेले होते. दर हिवाळ्यात एका हिश्शातली हेझेलं पार बुडाशी तोडायची, त्या फोकांच्या ताट्या विणून मेंढ्यांचे वाडे बांधायचे, आणि तोडलेल्या हिश्शाला काटेरी फांद्यांचं कुंपण घालायचं, म्हणजे हरणं कोवळे कोंब खाणार नाहीत. सात वर्षांनी त्या हिश्शाची पाळी फिरून येई, तोवर तिथे पुन्हा दाट फोक उभे असत. परक्या माणसाला ती तोड पाहून वाटे, काय निर्दय लोक आहेत हे. पण दर वसंतात त्याच राईत जमीन दिसू नये इतकी निळी फुलं येत. घंटेच्या आकाराची, मान खाली घातलेली.

तोडीचं काम एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याकडे होतं. त्याच्या आधी ते त्याच्या बापाकडे होतं आणि बापाच्या आधी आजाकडे.

त्या राज्याच्या राणीची एकुलती एक मुलगी या फुलांची वेडी होती. मधल्या हिश्शातल्या एका हेझेलच्या बुडाशी बसून ती तासन् तास फुलांशी बोलत असे. म्हातारा जवळून गेला की ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करी, आणि तोही शहाण्यासारखा चवड्यांवर चालत पुढे जाई. नवव्या वर्षी ती पोर तापाने गेली.

त्या हिवाळ्यात नेमकी मधल्या हिश्शाची पाळी होती. म्हाताऱ्याने कोयता उचलला, तोच राणी धावत आली आणि त्या झाडाला पाठ लावून उभी राहिली. तिच्या पायांत वहाणाही नव्हत्या.

"आजपासून या राईत कोयता चालणार नाही," ती म्हणाली. "माझ्या लेकीची एवढीच खूण उरली आहे."

म्हाताऱ्याने कोयता खाली ठेवला. लेकरू गेलेल्या आईशी वाद कसा घालायचा? पण त्या दिवशी आपण तोंड उघडायला हवं होतं, असं तो पुढे कितीदा तरी बायकोजवळ म्हणाला.

नऊ वर्षं राईला कुणी हात लावला नाही. हेझेलं वाढली, एकमेकांत गुंतली, वर पानांचं छप्पर झालं. खाली ऊन येईनासं झालं. फुलं दर वसंतात थोडी थोडी कमी होत गेली. राणीला वाटलं, गावकरी चोरून तोडतात. तिने पहारे बसवले. पुढच्या वर्षी फुलं आणखी कमी आली. तिने पहारे वाढवले. राजवाड्यातल्या एकाही शहाण्याला वर मान करून पाहायचं सुचलं नाही.

दहाव्या वसंतात बोटांवर मोजण्याइतकी फुलं आली आणि राणीचा तोल गेला. तिने सगळं गाव राईच्या कडेला उभं केलं. सूर्य मावळेपर्यंत चोराने पुढे यायचं, नाहीतर घरटी एक माणूस राजवाड्याच्या तळघरात कोंडला जाईल, असं शिपायांनी ओरडून सांगितलं. बायकांनी पोरं जवळ ओढून घेतली. कोण कुणाचं नाव घेईल या भीतीने शेजारी शेजाऱ्याकडे बघेना. ऊन उतरत चाललं, तसा म्हातारा पुढे झाला. बायकोने त्याची बाही धरली होती, ती त्याने हळूच सोडवली.

"राणीसाहेब, चोर कुणीच नाही. फुलं अंधाराने खाल्ली," तो म्हणाला. "मला एका हिश्शात तोड करू द्या. मी पुन्हा फुलं आणून दाखवतो."

राणीने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानेच तिच्या मुलीला ताप दिला होता. किती दिवसांत, तिने विचारलं. म्हातारा म्हणाला, दोन वसंत. राणी म्हणाली, एक. एका वसंतात फुलं दिसली नाहीत, तर त्याने बायकोसह नदीपलीकडच्या उघड्या माळावर जायचं, आणि दिसली तर गाव मोकळं.

म्हाताऱ्याने गावाकडे एकदा पाहिलं. "कबूल," तो म्हणाला. "पण गाव आत्ताच मोकळं करा, आणि मी घातलेलं कुंपण दोन वसंत कुणी काढायचं नाही. मी असो वा नसो."

राणीने विचार न करता शब्द दिला. कुंपणासारख्या गोष्टीवर कोण विचार करतो?

हिवाळा आला. म्हाताऱ्याने ओढ्याकडचा हिस्सा निवडला, म्हणजे राजकन्येच्या झाडाला धक्का लागणार नाही. दहा वर्षांत फोक मांडीएवढे जाड झाले होते. त्याने एकट्याने घाव घातले, आणि चार शिपाई हाताची घडी घालून बघत राहिले. तोड संपली तेव्हा तो हिस्सा इतका उघडाबोडका दिसला, की गावातल्या लोकांनीही माना फिरवल्या. मग त्याने छातीइतकं उंच कुंपण विणलं. एका बाजूला बोटभर फट राहिली होती, तर ती बुजवायला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

वसंत आला. म्हातारा रोज पहाट उजाडली की कुंपणाशी जाऊन उभा राही. चिखल होता, रानगवत होतं, बुडख्यांतून कोंब निघत होते. जमिनीतून लांबट हिरवी पानं वर आली होती, पण एकाही पानामागे कळी नव्हती. बायको मागून आली आणि कुंपणावरून आत डोकावली.

"अहो, इतक्या वर्षांच्या अंधारानंतर एका वसंतात फूल येत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक होतं," म्हातारा म्हणाला.

ती मागे फिरली. घरी जाऊन तिने भांडी पोत्यात भरायला घेतली.

ठरल्या दिवशी राणी आली. तिने कुंपणावरून आत पाहिलं, चिखल पाहिला, बुडखे पाहिले. पानांकडे बोट दाखवून म्हातारा म्हणाला की फुलांचे कांदे जमिनीत जिवंत आहेत, त्यांनी या वर्षी नुसतं ऊन पोटात घेतलं आहे. राणी म्हणाली, मी पानांचा नव्हे, फुलांचा करार केला होता. तेही खोटं नव्हतं. संध्याकाळच्या आत दोघं म्हातारी माणसं नदी ओलांडून गेली. पोहोचवायला कुणी आलं नाही. ज्यांच्यासाठी तो गेला होता तेच दारं लावून बसले होते, आणि याचा मला आजही राग येतो.

माळावर आडोशाला एक झाडही नव्हतं. त्यांनी दगड रचून खोपट केलं. हिवाळ्यात तिथे असा गारठा पडला, की सरपणासाठी बर्फाखालची खुरटी झुडपं उकरता उकरता म्हाताऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं काळी पडली आणि गेली. त्याने फारशी कुरकुर केली नाही. त्याला घोर होता तो कुंपणाचा. वादळात पडलं असेल का? कुणी जळणाला नेलं असेल का? हरणं एकदा शिरली तर एका रात्रीत कोंब फस्त करतील, बुडखे मरतील, आणि तो लबाड होता असंच जग म्हणत राहील.

दुसरा वसंत आला. म्हातारा रोज दगडावर बसून नदीकडे बघे. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, फुलांचे दिवस सरत आले. एके दुपारी एक बाई नदीतून चालत येताना दिसली. बरोबर शिपाई नव्हते. तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. जवळ आली तेव्हा म्हाताऱ्याने ओळखलं आणि तो उठून उभा राहिला.

"कुंपण शाबूत आहे?" त्याने आधी हेच विचारलं.

राणीने मूठ उघडली. तिच्यात निळी फुलं होती, चुरगळलेली.

तिने सगळं सांगितलं. मुलीच्या वाढदिवसाला ती दरवर्षीप्रमाणे राईत गेली होती. कुंपणाच्या आत पाय ठेवायला जागा नव्हती इतकं निळं होतं, आणि कुंपणाला लागून बाहेर काळी, ओली, मोकळी जमीन. चोर कोण ते तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. "म्हातारबा, फुलं मीच मारली," ती म्हणाली. "आणि तुमच्यावर..." तिची नजर त्याच्या हातावर गेली आणि ती तिथेच खाली बसली.

म्हातारा-म्हातारी परत आली. पुढच्या हिवाळ्यात सगळं गाव राईत जमलं. अडलेली रीत जिथे अडली होती तिथूनच सुरू करायची होती, म्हणजे मधल्या हिश्शापासून. राजकन्येचं झाड आता एका अंगाला कललं होतं, बुडाशी पोकळ होऊ लागलं होतं. राणी त्याच्यासमोर उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, हे एवढं सोडून बाकीचं तोडू.

"हेच आधी तोडायला हवं," म्हातारा म्हणाला. "असंच ठेवलं तर एखाद्या वादळात मुळासकट जाईल. तोडलं तर राहील."

त्याने डाव्या हाताने कोयता तिच्यापुढे धरला. "माझा हात तर गेला, राणीसाहेब. आता तुमचाच लागेल."

राणीचा हात दोनदा पुढे झाला आणि दोनदा मागे आला. तिने झाडाच्या सालीवर तळवा ठेवला, मुलीच्या कपाळावर ठेवावा तसा. मग कोयता घेतला. म्हातारा शेजारी उभा राहून सांगत होता, तिरपा घाव घाला, बुडख्यावर पाणी साचायला नको. ती रडत होती आणि तोडत होती. शेवटचा फोक पडला तेव्हा कित्येक वर्षांनी त्या जमिनीवर हिवाळ्याचं फिकट ऊन येऊन बसलं.

वसंतात त्या बुडख्यातून तेवीस कोंब आले. त्याच्या पुढच्या वसंतात भोवतीची जमीन निळी झाली. राणी कुंपणाशी बसून फुलांशी काहीतरी बोलत होती. म्हातारा तिथून जायला निघाला, तसं तिने ओठांवर बोट ठेवलं, आणि तो शहाण्यासारखा चवड्यांवर चालत पुढे गेला.

लहानांनी आणि मोठ्यांनीही यातून घ्यायचं ते एवढंच: जे आपल्याला प्राणापलीकडे प्रिय आहे त्याला हातच न लावणं म्हणजे त्याला जपणं नव्हे.