गाढवाची दहावी पेंढी

फार फार वर्षांपूर्वी, गाढवं बोलायची तेव्हाची ही गोष्ट. हसू नका. माणसं ऐकून घ्यायची, म्हणून बोलायची.

दहा टेकड्यांपलीकडे एक कुंभारीण राहायची. तिच्या माठातलं पाणी इतकं गार, की भर उन्हाळ्यात पिणारा शाल शोधायचा. दर आठवड्याला गाढवावर माठ लादून ती बाजाराला यायची. गिऱ्हाइकं माठाचं मोल धान्यात द्यायची आणि गाढवाच्या भाड्याचं गवत वेगळं. खेपेला दहा पेंढ्या, टेकडीमागे एक.

बाजाराचा चौधरी धान्यातला दहावा हिस्सा घेई. सावली त्याची, राखण त्याची. कुंभारीण तो हसत देई.

एके दिवशी चौधरी म्हणाला, "आजपासून गवतातलाही दहावा हिस्सा."

"अहो चौधरी, ते गवत माझ्या घरी येतच नाही. गाढवाच्या पोटात जातं."

"बाजारात आलं ना? मग हिस्सा."

दहावी पेंढी गेली. गाढवाची भूक होती तेवढीच राहिली. मग कुंभारीण दर खेपेला आपल्या झोपडीच्या छपरातून एक पेंढी उपसून त्याला घालू लागली. होता होता चुलीवर थेट ऊन पडू लागलं. पावसाळा महिन्यावर आला.

पुढच्या बाजाराला गाढव नऊ टेकड्या चाललं आणि दहावीच्या पायथ्याशी बसलं, ते बसलंच.

"ऊठ रे बाळा," कुंभारीण म्हणाली.

"नाही गं आई. तुझं घर मी आणखी खाणार नाही."

इकडे बाजारात माठांसाठी आरडाओरडा सुरू झाला. चौधरी घाम पुसत टेकडी ओलांडून आला. "काय रे, बसलास का?"

"दहाव्या टेकडीची पेंढी तुम्ही घेतलीत," गाढव म्हणालं. "मग दहावी टेकडी तुमची."

चौधऱ्यानं नाइलाजानं पहिल्या फेरीला दोन माठ उचलले. अर्ध्या चढावर तो मटकन बसला. बाजूनं रिकामं चालणारं गाढव अदबीनं म्हणालं, "चारा आणू का?"

"हसून घे," चौधरी धापा टाकत म्हणाला. "पण बाजारातला तो चटईवाला बघ. चटईचं मोल मूठभर धान्य सांगतो आणि गाढवाचं भाडं चाळीस पेंढ्या. सगळं माझा हिस्सा चुकवायला! त्याला कसा पकडू?"

"गाढवाला बाजारातच खाऊ घाला. पोटात जाईल ते भाडं. उरेल ती कमाई. तिच्यावर खुशाल हिस्सा घ्या."

पुढच्या बाजारात चौधऱ्यानं तसंच केलं. चटईवाल्याच्या गाढवानं दहा पेंढ्या खाल्ल्या, ढेकर दिली आणि तोंड फिरवलं. उरलेल्या तीस पेंढ्यांवर हिस्सा बसला. कुंभारणीच्या गाढवापुढं मात्र काडीसुद्धा उरली नाही. चौधऱ्यानं तिच्याकडून आधी घेतलेल्या पेंढ्या परत केल्या. पहिला ढग येण्याआधी तिचं छप्पर शाकारून झालं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कमाईत हिस्सा मागणं रास्त आहे, पण त्याच्या वाटखर्चात हिस्सा मागणाऱ्यानं तेवढं ओझं आधी स्वतः वाहावं.