आधी धू, मग ओत

बंदरातलं लोखंडही बोलायचं, तेव्हाची ही गोष्ट. ड्रेजर जहाजाच्या बादलीने बंदराच्या तळाचा काळा, तेलकट गाळ उपसला आणि तो ओतायला ती खाडीच्या तोंडाशी आली. तिथल्या चिखलात निवटी नावाची बोटभर मासळी आपल्या अंड्यांच्या बिळावर बसली होती.

“सरक गं बाजूला,” बादली म्हणाली. “चिखलात चिखल टाकायचाय.”

निवटी तसूभर हलली नाही. “ह्या चिखलात माझी पोरं वाढायचीत. तुझ्या चिखलात किडासुद्धा जगत नाही. आधी धू, मग ओत.”

“चिखल कधी कोणी धुतं का?”

तेवढ्यात बादलीच्या कडेवरून गाळाचा एक थेंब ओघळला. निवटीने तो पाण्याने भरलेल्या शिंपल्यात झेलला आणि शेपटीने घुसळला. वाळू खाली बसली, तेल वर आलं आणि त्या तेलात लाल रंगाचे पोपडे फिरू लागले.

“हा रंग कुणाचा, ते आता तूच सांग.”

बादलीने आपलं रंग उडालेलं लाल पोट पाहिलं आणि ती गाळासकट बंदराकडे वळली.

“धुऊन आणलास, तरी आधी शिंपल्यात दाखवायचा,” निवटी मागून म्हणाली. “मी इथेच बसलेय.”