ठुमकू पेंग्विन आणि मावशीचा पापा

टेबलावर कॉम्प्युटर. कॉम्प्युटरमध्ये त्याला चालवणारं लिनक्स. आणि लिनक्समध्ये कोण राहतं? ठुमकू! एवढुसा पेंग्विन. पाठ काळी, पोट पांढरं.

रोज संध्याकाळी ठुमकू निघायचा, ठुमुक ठुमुक. इंटरनेटवरून वनूमावशीला घेऊन यायचा. मावशी पडद्यावर दिसायची. एक पापा घरातल्या छोट्या रेणूला, एक पापा ठुमकूला!

आज ठुमकू निघाला, ठुमुक ठुमुक... धडाम्! दार बंद. मावशी नाही. पापा नाही. ठुमकूला रडूच आलं.

ठुमकू गेला राऊटरकडे. राऊटरचे हिरवे दिवे, लुकलुक लुकलुक.

"राऊटरदादा, राऊटरदादा, वाट दे. वाट मिळेल, मावशी येईल, मावशी माझा पापा देईल!"

राऊटर म्हणाला, "पहारेकरी दार उघडेल, तर मी वाट देईन."

ठुमकू गेला पहारेकऱ्याकडे, ठुमुक ठुमुक. घराभोवती आजच बांधलेली फायरवॉलची भिंत. भिंतीवर पहारेकरी. त्याच्या मिशा केवढ्या? एवढ्या!

"पहारेकरीकाका, पहारेकरीकाका, दार उघडा. दार उघडेल, वाट मिळेल, मावशी येईल, मावशी माझा पापा देईल!"

पहारेकरी म्हणाला, "कुणाला सोडायचं, त्यांची नावं बाबांनी सकाळी सांगितली. फोन सांगितला. टीव्ही सांगितला. ठुमकू नाही सांगितला! बाबा नाव सांगतील, तर मी दार उघडेन."

अगं बाई! एवढे मोठे बाबा, आणि ठुमकूलाच विसरले!

ठुमकू आला पडद्यावर, टुणुक! समोर बाबा.

"बाबा, बाबा, नाव सांगा. नाव लागेल, दार उघडेल, वाट मिळेल, मावशी येईल, मावशी माझा पापा देईल!"

बाबा म्हणाले, "अरेच्चा, विसरलोच की! पण माझे हात कुठे मोकळे आहेत? रेणू कडेवर, रेणू रडते. रेणू हसेल, तर मी नाव सांगेन."

"रेणू, रेणू, हस ना! तू हसशील, हात सुटतील, नाव लागेल, दार उघडेल, वाट मिळेल, मावशी येईल, मावशी माझा पापा देईल!"

रेणू म्हणाली, "आधी मावशी! मावशी येईल, तर मी हसेन. भ्यां!"

आता हो काय करायचं? रेणू हसेना, मावशी येईना. मावशी येईना, रेणू हसेना!

बिचारा ठुमकू. मान खाली घालून निघाला, ठुमुक ठुमुक. तेवढ्यात पाय घसरला. सुर्रर्र... धप्प! पडला पोटावर. घसरत गेला पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

रेणू बघतच राहिली. मग हसली, खुदुखुदु!

"पुन्हा!" रेणू म्हणाली.

ठुमकू मुद्दाम पडला. सुर्रर्र... धप्प! खुदुखुदु!

रेणू हसली, हात सुटले. बाबांनी नाव सांगितलं, टक टक टक. पहारेकऱ्याने दार उघडलं, कर्रर्र. राऊटरने वाट दिली, लुकलुक लुकलुक.

आणि मावशी आली! हुश्श!

"अगं रेणूबाय, कधीची वाट बघतेय मी!" एक पापा रेणूला.

ठुमकू हळूच म्हणाला, "आणि मी?"

"तू तर माझा लाडका!" मावशी म्हणाली. मुच्! एक पापा ठुमकूला. ठुमकू नाचला, टुणुक टुणुक.

पापा आला दारातून, गोष्ट गेली तारेतून. आता एक पापा कुणाचा राहिला? तुझा! हा घे!