ढोली कोणी कोरली?

ओढ्याकाठच्या जुन्या सावरीवर एक म्हातारी पोपटीण आपल्या गोतावळ्यासह राहत असे. त्या झाडावर नुसते पोपटच नव्हते बरे का! मैना होत्या, एक पिंगळा होता आणि दिवसभर ठकठक करणारा एक सुतारपक्षी होता. तो दरवर्षी स्वतःसाठी नवी ढोली कोरायचा आणि जुनी सोडून द्यायचा. त्या रिकाम्या ढोलीत पोपटाचे एखादे जोडपे संसार थाटायचे. पोपटांना मात्र वाटायचे, ढोल्या झाडाला आपोआपच होतात, शेंगा लागतात तशा!

एका वर्षी शेजारच्या शेतात ज्वारी कमी पिकली. म्हातारीने लगेच पोपटांना जमवले. "खाणारी तोंडे कमी झाली, तरच आपल्या वाट्याला दोन दाणे जास्त येतील," ती म्हणाली. झाले! आधी मैनांना हुसकावले, मग पिंगळ्याला. शेवटी पाळी आली सुतारपक्ष्याची. तो बिचारा म्हणाला, "आजी, मी तर झाडातल्या अळ्या खातो. तुमच्या कणसाला कधी चोच तरी लावली का?"

"ते राहू दे! तुझ्या ठकठकीने आमचे डोके उठते. आणि तू कुठे आमच्यातला आहेस?" म्हातारी फणकारली. सुतारपक्षी ओढा ओलांडून पलीकडच्या शिरिषावर गेला. हुसकावलेल्या मैनाही तिथेच राहिल्या होत्या.

पुढच्या हंगामात सावरीवर अगदी चैन झाली. ज्वारी भरपूर, खाणारे थोडे. म्हातारी येताजाता सांगायची, "बघा, मी म्हटले नव्हते?" पण उन्हाळ्यात जोराचे वादळ आले आणि सगळ्या ढोल्या असलेली मोठी फांदी कडाडून मोडली. पोपट वाट बघत बसले, आज ना उद्या नवी ढोली होईल म्हणून. कशी होणार, सांगा पाहू! कंटाळून एकेक जोडपे दुसऱ्या रानात निघून गेले. मागे राहिली म्हातारी, तिची धाकटी लेक आणि जावई.

थंडीत लेकीचे अंडी घालायचे दिवस आले. ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, खायला आहे ग पोटभर, पण अंडी काय उघड्या फांदीवर ठेवू?" म्हातारीने स्वतः खोडावर चोच मारायला सुरुवात केली. ती पेरू फोडणारी चोच! साल निघाली, चोचीतून रक्त आले, पण ढोली काही होईना. तेव्हा कुठे तिला ती ठकठक आठवली. नको नको म्हणणारे मन आवरून तिने लेकीला शिरिषावर धाडले.

सुतारपक्ष्याने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. "ये पोरी, माझी जुनी ढोली रिकामीच आहे," तो म्हणाला. लेक तिथेच राहिली. जावई सासूला न्यायला आला, तेव्हा म्हातारीने मान फिरवली. "कोणत्या तोंडाने येऊ रे तिथे? जा तू, ती एकटी असेल."

आता सावरीवर म्हातारी एकटीच आहे. सगळी ज्वारी तिची एकटीची. वाट्याच्या हिशोबाने पाहिले, तर साऱ्या रानात तिच्याएवढे श्रीमंत कुणी नाही! पण शिरिषावर पिल्ले निघाली आहेत म्हणे. तिने ती अजून पाहिलेली नाहीत. ओढ्यापलीकडून ठकठक ऐकू आली, की ती चोचीतला दाणा तसाच टाकते आणि आवाज थांबेपर्यंत तिकडे कान लावून बसते.

तात्पर्य : वाटा वाढावा म्हणून जो शेजाऱ्याला घालवतो, त्याचा वाटा वाढतो खरा, पण तो वाटून खायला मागे कुणी उरत नाही.