विवाहित विद्यार्थिनींसाठी

तालुक्याच्या टोकाला असलेल्या एका शाळेत बोरुडेबाई ग्रंथपाल होत्या. आठवी-नववीच्या मुलांनी काय वाचावं, याची यादी त्या दरवर्षी करत. यंदा ती संस्थेचे अध्यक्ष विश्वासराव यांच्या हाती पडली आणि एका कादंबरीच्या नावावर त्यांचं बोट अडलं. कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुलीची ती गोष्ट होती.

"बाई, नवरा, सासर, बाळंतपण, हे या वयात वाचायचं? हे लग्न झालेल्यांनीच वाचावं. तसं लिहा, नाहीतर नाव खोडा!" सगळ्या शिक्षकांदेखत ते गरजले.

बाईंनी मुकाट्यानं नावापुढे लिहिलं, 'फक्त विवाहित विद्यार्थिनींसाठी.'

अध्यक्ष हसले. "अशी आहे कोण आपल्या शाळेत?"

"नववीच्या हजेरीपटावर तिघी आहेत, साहेब. त्यांतल्या वैजयंताच्या मांडवात तर माईकवरून पहिला आशीर्वाद तुम्हीच दिलात. लग्नाला जे वय चाललं, ते वाचायला चालेल ना?"

अध्यक्षांनी घाईघाईनं सही केली आणि गाडी मागवली.

पुस्तक आलं, तसं बाईंनी ते वैजयंताच्या सासरी पाठवलं. आठवड्यानं ते तसंच परत आलं. सोबत सासूचा निरोप होता, "तिला आता वाचायला सवड नाही. दिवस गेलेत."