राखेची रेघ

पूर्वी वेतसपूर नगरात राजा सुदर्प राज्य करीत असताना, नदीकाठच्या एका लहान गावात बोधिसत्त्व कुंभाराच्या घरी जन्माला आला. त्याचं नाव नंदिल. बापाकडून त्याला चाक मिळालं, आईकडून सावकाश बोलण्याची सवय मिळाली. त्याची बायको सामा बोलायला तिखट होती, पण दारी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय तिने कधी परत धाडलं नाही.

त्या मुलखात एक रीत होती. मडकी भाजायचा आवा पेटला की कुंभार त्याच्याभोवती राखेची रेघ ओढी. आवा थंड होईपर्यंत त्या रेघेच्या आत हत्यार न्यायचं नाही, भांडायचं नाही आणि आत आलेल्याला तू कुठला म्हणून विचारायचं नाही. रागाचा शब्द कानी पडला की कच्चं मडकं तडकतं, अशी लोकांची समजूत. खरंच तडकतं का, हे पाहायला कोणी गेलं नव्हतं. पण घरात नवराबायकोची फार जुंपली की शेजारी म्हणत, ‘‘जा, कुंभाराच्या रेघेत जाऊन बसा घटकाभर.’’

राजा सुदर्प वारला आणि त्याचे दोन मुलगे गादीसाठी एकमेकांवर उठले. नदीचा उत्तर काठ थोरल्याने धरला, दक्षिण काठ धाकट्याने. मग थोरल्याच्या सैनिकांनी दक्षिणेची गावं जाळायची, धाकट्याच्या सैनिकांनी उत्तरेची. आपला राजा कोणता हे गावकऱ्यांना कोणी विचारलं नाही. घर कोणत्या काठावर आहे एवढ्यावरून त्यांचा निकाल लागत होता. दोन हत्तींच्या झुंजीत गवत तुडवलं जातं, ते असं.

वैशाखातल्या एका सकाळी नंदिलच्या अंगणात माणसं येऊ लागली. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. काही उत्तरेची, काही दक्षिणेची, सगळ्यांच्या अंगावर धुराचा वास. मागून घोडेस्वार येत आहेत एवढंच त्यांना सांगता येत होतं.

सामा म्हणाली, ‘‘अहो, एवढी माणसं घरात मावायची नाहीत. आणि मावली, तरी घराला आग लावायला कितीसा वेळ लागतो?’’

उन्हाळ्यासाठी घडवलेले माठ आणि रांजण आव्यात रचून तयार होते. नंदिलने आवा पेटवला. मग राखेची टोपली घेऊन तो चालू लागला. नेहमीची रेघ आव्यापासून पाच पावलांवर असे. आज तो आंब्यापर्यंत गेला, तिथून गोठ्याला वळसा घालून विहिरीपलीकडून परत आला.

‘‘इतकी लांब रेघ?’’ सामाने विचारलं. ‘‘एवढी मडकी कुठं आहेत आपल्याकडे?’’

‘‘माणसं आहेत ना,’’ नंदिल म्हणाला.

थोड्याच वेळात थोरल्या राजपुत्राची तुकडी आली. तिचा नायक दंडसेन नगरात वाढलेला होता. मडकं बाजारात मिळतं, यापलीकडे त्याला मडक्याची माहिती नव्हती. पण त्याचे सैनिक खेड्यांतले. रेघ दिसताच ते हुकमाची वाट न पाहता थांबले. घोडेही थांबले. दंडसेनला याचा राग आला आणि नवलही वाटलं.

‘‘आत दक्षिण काठाची माणसं आहेत का?’’ त्याने विचारलं.

खोटं बोलून वेळ मारून नेणं सोपं होतं. बोधिसत्त्व म्हणाला, ‘‘आहेत. उत्तरेचीही आहेत. कोण कुठला ते मी विचारलं नाही, आणि विचारणार नाही.’’

‘‘दक्षिणेची तेवढी माझ्या हवाली कर. बाकीच्यांना मी हात लावत नाही. तुला राजवाड्याचा कुंभार करतो.’’

‘‘नायका, निम्मी माणसं देऊन निम्मी वाचवली, तर वाचलेली तरी माझ्या अंगणात सुखानं बसतील का?’’

दंडसेनला आपल्या माणसांच्या मनातली चलबिचल दिसत होती. रीत मोडायला लावली तर ती बिथरतील, हे त्याने ओळखलं. म्हणून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, ‘‘ठीक आहे. या तलवारीची शपथ, तुझ्या आव्याचा जाळ विझेपर्यंत मी रेघ ओलांडणार नाही. विझला की मात्र कोणाची गय नाही.’’ चुलीसारखाच आवाही संध्याकाळी विझेल, असा त्याचा हिशेब होता. ज्याने कधी आवा लावला नाही, त्याचीच ही चूक.

बोधिसत्त्वाने त्याला अंधारात ठेवलं नाही. ‘‘शपथ विचार करून घे, नायका. सरपण आहे तोवर मी जाळ विझू देणार नाही.’’

नायक हसला. ‘‘बघू किती सरपण आहे ते.’’

पहिल्या दिवसातच मडकी भाजून निघाली. त्या वेळी आव्याचं तोंड बंद केलं असतं, तर वर्षाची भाकरी हाती आली असती. नंदिलने आणखी गोवऱ्या सारल्या. दुसऱ्या दिवशी आतून तडकण्याचे आवाज येऊ लागले. प्रत्येक आवाजाला सामा डोळे मिटून घेई. गोवऱ्या संपल्या, तुराट्या संपल्या. तिसऱ्या दिवशी कुंपण गेलं, गोठ्याचे वासे गेले, घराचं दार गेलं.

बाहेर सैनिक उन्हात बसून होते. त्यांच्या कातडी पखालींतलं पाणी तापून कडू झालं होतं. सामा विहिरीचं पाणी काढून रेघेवरून त्यांना देई. ‘‘प्या,’’ ती म्हणे. ‘‘आम्हाला मारायचं असलं तरी तोवर जिवंत राहायला हवं तुम्हाला.’’ ते मान खाली घालून पीत.

चौथ्या दिवशी दुपारी नंदिल चाकाजवळ गेला. बापाच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या त्या लाकडावर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. तो बोधिसत्त्व होता हे खरं, पण कुंभारही होता. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने चाक उचललं आणि जाळात सारलं.

चाक जळून गेलं. आता आत जाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. सालिका नावाच्या म्हातारीने आपली काठी पुढे केली. ‘‘घे बाबा. मला आता कुठं चालत जायचंय?’’ काठी किती वेळ पुरणार? जाळ बसत चालला. आया मुलांना जवळ ओढू लागल्या. दंडसेन उठून उभा राहिला.

तेव्हा कुंजर नावाचा एक सैनिक रेघेपाशी आला. सगळ्यांना वाटलं, हाच पहिला आत येणार. त्याने भाल्याचं पातं दगडावर आपटून मोडलं, ते रेघेबाहेर ठेवलं, आणि नुसता दांडा नंदिलच्या पुढे धरला.

‘‘कुंभारदादा, आमच्या गावातही आवा होता,’’ तो म्हणाला. ‘‘मागच्या महिन्यात धाकट्याच्या माणसांनी त्याची रेघ ओलांडली. आत माझी आई होती. त्यांच्यासारखं करावं म्हणूनच मी इथवर आलो होतो. चार दिवस तुमच्या घरचं पाणी प्यालो. आता नाही होणार माझ्याच्यानं.’’

नंदिलने दांडा घेतला. जाळ पुन्हा उठला. कुंजरच्या मागे दुसरा आला, मग तिसरा. बाहेर लोखंडी पात्यांचा ढीग वाढत गेला आणि आत दांडे जळत राहिले.

दंडसेनने हे सारं पाहिलं. त्याची तलवार त्याच्याच हातात होती आणि त्याला अडवायला कोणी पुढे आलं नव्हतं. तो रेघेच्या अगदी कडेला येऊन उभा राहिला.

‘‘विझला का?’’ त्याने विचारलं.

‘‘नाही,’’ बोधिसत्त्व म्हणाला.

नायकाने जाळाकडे पाहिलं. सामाने पुढे होऊन त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन त्याने तलवार म्यानात घातली आणि तो घोड्यावर बसला. तुकडी त्याच्या मागोमाग निघून गेली. माणसं नदीवरच्या वनात तपस्व्यांच्या आश्रयाला सुखरूप पोचली. आवा उघडला तेव्हा त्यातून एकही मडकं धड निघालं नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, वप्पिल नावाच्या भिक्खूला सांगितली. तो आधी सैनिक होता, आणि आपल्या हातून घडलेल्या गोष्टींनी त्याला झोप लागत नसे. कथा संपल्यावर शास्त्यांनी पूर्वजन्मीची ओळख पटवून दिली. ‘‘त्या वेळची सामा म्हणजे आज आजाऱ्यांना पाणी देणारी भिक्खुणी धम्मिला. कुंजर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू थेर सुभग. कुंभार मी होतो.’’

वप्पिलने भीत भीत विचारलं, ‘‘भन्ते, आणि मी? दांडा देणाऱ्यांत कुठेतरी मी असेन का?’’

‘‘नाही, वप्पिल. तू दंडसेन होतास.’’

वप्पिलची मान खाली गेली. शास्ते म्हणाले, ‘‘वर बघ. मी जाळ राखला, पण ती रेघ राखेची होती. फुंकर घातली असती तरी उडाली असती. चार दिवस तू तिच्यापलीकडे पाऊल टाकलं नाहीस, म्हणून ती लेकरं जगली. त्या वेळी मी एकट्यानं कोणाला वाचवलं नाही. निःशस्त्र माणसाला अभय देणं हे दान आहे, आणि हातात शस्त्र असलेल्यानं दिलं तरच ते पुरं होतं. ते तू एकदा दिलं आहेस. तुला ते येतं.’’

याला अभयदान म्हणतात.